ड वर्गातली सदतीस पानं

कागद कसा उचलावा हे मूळप्रतांकडून शिकावं. दोन्ही तळहात खाली घालून, भरलं ताट उचलावं तसा. एका कोपऱ्याला चिमटीत धरून कागद उचलणारा माणूस दिसला की त्यांच्या कपाळावरची शीर उडायची. अडतीस वर्षं त्यांनी सरकारी रेकॉर्ड रूममध्ये काढली, त्यातली शेवटची सोळा रेकॉर्डकीपर म्हणून, आणि एवढ्या काळात त्यांच्या हातून एक कागद हरवला नाही. एकही. हे ते स्वतःच सांगत आणि सांगताना एक बोट वर करत. मूळप्रत हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. समोर कुणीही काहीही घेऊन आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "मूळ प्रत कुठंय?" म्हणून कचेरीनं हे नाव ठेवलं. त्यांना मुलगा झाला तेव्हा दवाखान्यातल्या नर्सलाही त्यांनी हेच विचारलं, असं कचेरीतला शिपाई शपथेवर सांगायचा. थाप असणार, पण त्यांना शोभायची म्हणून टिकली.

आता रेकॉर्ड रूमची रीत आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं रामायण त्या रीतीनंच झालंय. आलेल्या कागदांचे चार वर्ग करायचे. अ म्हणजे कायम, जग बुडालं तरी ठेवायचा. ब म्हणजे तीस वर्षं. क म्हणजे दहा. आणि ड म्हणजे वर्षभर ठेवा नि फाडा. अ वर्गाच्या गठ्ठ्याला लाल फडकं, ड वर्गाला फडकंसुद्धा नाही, नुसती सुतळी. प्रत्येक कागद अख्खा वाचत बसलं तर जन्म पुरायचा नाही, म्हणून पहिली ओळ बघायची, शेवटची ओळ बघायची आणि वर्ग टाकून मोकळं व्हायचं. फाडायच्या आधी नाश-नोंदवहीत नोंद करायची: विषय, पानं, सुरुवातीचे पाच शब्द, शेवटचे पाच शब्द, तारीख, सही. पाच-पाच शब्द अशासाठी, की उद्या कुणी भांडत आलंच तर कुठला कागद गेला ते दाखवता यावं. मग कागदाचे चार तुकडे करायचे, बादलीत भिजवायचे, लगदा झाला की विषय संपला. मूळप्रतांनी असे किती लगदे केले असतील त्याला गणती नाही.

निवृत्त झाल्यावर माणसं कुंड्यांना पाणी घालतात, नातवंडं खेळवतात, बायकोच्या स्वयंपाकघरात नाक खुपसून बोलणी खातात. मूळप्रतांनी घराण्याचं दप्तर काढलं. माळ्यावर चार पत्र्याच्या ट्रंका होत्या. पणजोबा पुलाच्या कामावर गवंडी होते, त्यांची वही. आजोबा शाळामास्तर, त्यांच्या सात वह्या: कुठल्या साली नदीचं पाणी शाळेच्या कितव्या पायरीला लागलं, कुठली विहीर कधी आटली, शाळेची पहिली घंटा कुणी कुठून उचलून आणली. वडील तारखात्यात, त्यांच्या एकोणतीस डायऱ्या, तारेसारख्याच तुटक. आणि चौथ्या ट्रंकेच्या तळाशी, सुतळीनं बांधलेली, आईची सदतीस पानं.

पानं कसली, भिंतीवरच्या कॅलेंडरची महिन्या-महिन्याची पानं फाडून त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं. वर-खाली, काठापर्यंत, कुठं समास नाही की कुठं तारीख नाही. आईनं अख्ख्या आयुष्यात लिहिलं ते एवढंच. सदतीस पानं म्हणजे तीन वर्षं आणि एक महिना. एखादं पान नुसतं उलटून पुढच्या बाजूचा महिना आणि साल बघितलं असतं, तरी ती तीन वर्षं कुठली ते कुणाच्याही लक्षात आलं असतं. पण ज्याचा जन्म मागच्या-पुढच्या तारखा जुळवण्यात गेला, त्या माणसानं पान उलटलं नाही. आईच्या कागदाची तारीख काय बघायची, असंच त्याला वाटलं असणार, दुसरं काय.

घरी दप्तर लावताना त्यांनी कचेरीचीच रीत चालवली. कचेरीतून निघताना एक कोरी नाश-नोंदवही मागून आणली होती, तीही उघडली. गवंडी पणजोबा अ. मास्तर आजोबा अ. वडिलांच्या डायऱ्या ब, मग दया येऊन अ. आईच्या गठ्ठ्याची पहिली ओळ बघितली, शेवटची ओळ बघितली, आणि त्यांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात विषय लिहिला: 'किरकोळ घरगुती मजकूर'. वर्ग ड. बायको अंगणातल्या बादलीपाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "अहो, सासूबाईंचं अक्षर आहे ते."

"अक्षर सगळ्यांनाच असतं," मूळप्रत म्हणाले आणि पान चौथ्यांदा फाडलं.

याला झाली नऊ वर्षं. त्यातली शेवटची सहा वर्षं त्यांनी ग्रंथ लिहिण्यात घालवली. घराण्याच्या अकरा पिढ्या आणि त्यांच्यासोबत गावाचा दीडशे वर्षांचा इतिहास, चारशे बारा पानं, प्रत्येक वाक्याला खाली आधार. बाहेरच्या खोलीत भिंतभर वंशावळ लावली. पुरुषांची नावं चौकटीत, बायकांची त्यांच्या बाजूला कंसात, आणि मुली नुसत्या मोजलेल्या: एक कन्या, दोन कन्या, तीन कन्या. त्यांच्या स्वतःच्या चौकटीशेजारीही 'एक कन्या' होती. ती त्यांची धाकटी बहीण.

ग्रंथ पुरा झाला तेव्हा ते तो घेऊन गावातल्या वाचनालयात गेले. ग्रंथपाल तरुण मुलगी होती. तिनं ग्रंथ दोन्ही तळहातांवर घेतला, तिथंच मूळप्रत खूश झाले. अर्धा तास चाळून तिनं विचारलं, "आजोबा, घरातल्या बायकांनी लिहिलेलं काही नाही का यात?"

"होतं थोडं. किरकोळ होतं."

"मग ते आणा की. पूल कधी बांधला ते तर पाच जणांच्या वह्यांत आहे माझ्याकडे."

त्या दिवशी मूळप्रतांना जेवण गेलं नाही. गॅस झालाय, म्हणाले. बायकोनं ओवा दिला आणि काही बोलली नाही. ती बोलली नाही हेच त्यांना जास्त लागलं.

आणि मग धाकटीचा फोन आला.

धाकटी आता चौसष्ट वर्षांची, शिवणकाम शिकवण्यात हयात गेलेली, दोन बसच्या अंतरावर राहणारी. पोटातलं दुखणं होतं, आणि गेल्या महिन्यात डॉक्टरांनी हात टेकले होते. तीन महिने, फार तर चार. हे तिनं दुकान बंद करायचंय म्हणावं तशा आवाजात सांगितलं. "दादा, मी आठ दिवस येते. आईची पानं वाचायचीत मला."

मूळप्रतांनी विचारलं, "कुठली पानं?"

"कॅलेंडरची. जायच्या आधी आईनं मला सांगितलं होतं, 'मी बोलले नाही कधी, पण तू नव्हतीस तेव्हाचं सगळं लिहून ठेवलंय.' दादाकडे आहे, म्हणाली. दादा कागद टाकत नाही."

आता ही 'तू नव्हतीस तेव्हा'ची गोष्ट अशी. मूळप्रत नऊ वर्षांचे होते तेव्हा त्यांच्या छातीत पाणी झालं. पोर जगतंय की जातंय अशी अवस्था. डॉक्टरांनी बजावलं की घरात दुसरं लहान मूल ठेवू नका. धाकटी पाच वर्षांची. तिला मावशीनं नेलं, दोन-चार महिन्यांसाठी म्हणून. दादा बरा व्हायला, मग परत पडायला, मग पुन्हा बरा व्हायला तीन वर्षं गेली. धाकटी परत आली ती आठ वर्षांची घोडी होऊन, आणि मावशीला आई म्हणत. आईपाशी ती पाहुण्यासारखी बसायची. आईही कामापुरतं बोलायची. त्या दोघींमध्ये तो पाट तसाच वाहत राहिला, आई जाईपर्यंत. आपल्याला देऊन टाकलं आणि दादाला ठेवलं, हे धाकटीच्या मनातून कधी गेलं नाही. ती ते दादाला तोंडावर कधी बोलली नाही, हा तिचा चांगुलपणा.

"इतकी वर्षं का नाही वाचलीस मग?" मूळप्रतांनी फोनवर विचारलं. वेळ काढायला विचारलं.

"भीती वाटायची रे. त्यात माझं नावच नसलं तर?" ती म्हणाली. "आता काय, आता असो नसो. पण बघून जाते."

मूळप्रत फोन ठेवून वंशावळीखालच्या खुर्चीत बसले. बायको म्हणाली, "खरं सांगून टाका. ती रागावेल, रडेल, पण तिला खरं कळेल."

"सांगतो."

"आल्या आल्या सांगा. दिवस गेले की जड जातं."

"सांगतो म्हटलं ना."

सांगतो म्हणणारा माणूस सांगत नाही, हे बायकोला पंचेचाळीस वर्षांच्या संसारात कळलेलं होतं. धाकटी आली, हातात एवढीशी पिशवी, गालफडं बसलेली, आणि चपला काढता काढता म्हणाली, "दादा, पानं?" मूळप्रत म्हणाले, "माळ्यावर आहेत. काढायला माणूस लागेल." दुसऱ्या दिवशी म्हणाले, माणूस आला नाही. तिसऱ्या दिवशी धाकटी स्वतःच शिडी लावायला निघाली तेव्हा ते एका दमात बोलून गेले, "धाकटे, त्या पानांना वाळवी लागली गं. पार भुगा झाला. पण मी त्याआधी नक्कल करून ठेवली होती. सगळी नाही, एका पानाची. कुठंतरी गठ्ठ्यात आहे, शोधून देतो."

स्वयंपाकघरात बायकोच्या हातातलं झाकण खाली पडलं. तिनं ते उचलून पुन्हा धुतलं. स्वच्छ होतं तरी.

धाकटी शिडीच्या पायरीवरच बसली. "एक पान तर एक पान," म्हणाली. "तू केलीस ना नक्कल, मग ती मुळासारखीच."

मला सांगा, काय करावं अशा माणसाचं? वाळवी म्हणताना जीभ कशी झडली नाही? नऊ वर्षांपूर्वीची ती नोंदवही कपाटात होती, तिच्यात त्यांच्याच सहीनं सगळं लिहिलेलं होतं, ती निदान उघडून बघावी की नाही? नाही बघितली. वही काढली की वाळवी खोटी पडणार. शिवाय त्या पानावरची स्वतःची सही बघायची त्यांना भीती वाटत होती. म्हणून त्यांनी काय केलं, तर ती वही कपाटातून काढून गादीखाली सरकवली, आणि वर चादर नीट ताणून बसवली.

चौथ्या दिवशी दुपारी बायको धाकटीला इंजेक्शनसाठी दवाखान्यात घेऊन गेली. मूळप्रतांनी दार लावलं. कचेरीतला जुना, कडा पिवळ्या पडलेला कागद काढला. शाईत चार थेंब पाणी घातलं. आणि ज्या माणसानं अडतीस वर्षांत स्वल्पविराम इकडचा तिकडे होऊ दिला नाही, तो आईच्या नावानं मनाचं लिहायला बसला.

'आज धाकटी गेली. पहाटे उठून तिला न्हाऊ घातलं. दोन वेण्या घातल्या आणि लाल रिबिनी बांधल्या. गाडी लांब गेली तरी खिडकीतून त्या रिबिनी दिसत होत्या. घरी येऊन कशात लक्ष लागेना. दादाला औषध दिलं तेव्हा हात थरथरत होता. माझी पोर मी कशी दिली, मलाच कळत नाही. तिला वाटेल आईनं सोडलं. देवा, तिला तसं वाटू देऊ नको.'

लिहून झाल्यावर त्यांनी ते वाचलं आणि त्यांना रडू आलं. खोटं रडू नव्हतं ते. साठ वर्षांत त्यांनी एकदाही आईच्या बाजूनं विचार केला नव्हता, तो आज पहिल्यांदा केला, आणि तोही खोटा कागद करण्यासाठी. मग त्यांनी खणातून शिक्का काढला. 'मुळाबरहुकूम खरी नक्कल'. निवृत्त होताना सहकाऱ्यांनी गमतीनं भेट दिलेला. तो त्यांनी कागदाच्या खाली उमटवला, आणि थोडा तिरका उमटला. त्यांच्या हातून शिक्का तिरका उमटायची ही पहिलीच वेळ.

धाकटी दवाखान्यातून आली, चहा प्याली, पदराला हात पुसले आणि कागद दोन्ही तळहातांवर घेतला. दादानंच शिकवलं होतं लहानपणी. चष्मा लावून ती वाचायला लागली. मूळप्रत समोर, बायको दारात. अर्ध्यावर धाकटी थांबली. पुन्हा वरून वाचलं. मग कागद मांडीवर ठेवला.

"दादा," ती म्हणाली, "त्या दिवशी मला केसच नव्हते."

मूळप्रत वाकून कागद बघायला लागले.

"तुला कसं माहीत असणार. तू आतल्या खोलीत तापात होतास. आईला तुझ्या उशाशी बसण्यातून सवड नव्हती, माझ्या डोक्यात उवांचं रान माजलं होतं. मावशी म्हणाली, मी अशी नाही नेणार. मग न्हाव्याला बोलावलं आणि चकोट केला माझा. मी एवढी ओरडले की शेजारीण धावत आली. मावशीनं जाताना निळी टोपी घातली मला." तिनं कागदावरच्या रिबिनींवर बोट ठेवलं. "लाल रिबिनी मी जन्मात बांधल्या नाहीत दादा. पण छान लिहिलंयस. खरंच छान लिहिलंयस."

मूळप्रतांना पुढचं काही ऐकू आलं नाही. न्हावी हा शब्द त्यांच्या डोक्यात घणासारखा आदळला. हा शब्द आपण लिहिलाय. कुठंतरी आपल्याच हातानं लिहिलाय. ते उठले, आतल्या खोलीत गेले, गादी उलटी केली, वही काढली. भराभर पानं उलटली. आणि सापडलं.

'विषय: किरकोळ घरगुती मजकूर. पाने: ३७. वर्ग: ड. सुरुवात: न्हाव्याला बोलावून धाकटीचे सगळे केस. शेवट: अभ्रा अजून धुवायला काढला नाही. नाश केला. सही.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. उशीचा अभ्रा. पोरगी गेल्यावर तिच्या उशीचा अभ्रा तीन वर्षं बाईनं धुतला नव्हता. सदतिसाव्या पानापर्यंत धुतला नव्हता. एका टोकाला पोरीचे केस, दुसऱ्या टोकाला पोरीची उशी, आणि मधे जे काय होतं ते त्यांनी अंगणातल्या बादलीत कालवलं होतं.

ते वही घेऊन बाहेर धावले. अक्षरशः धावले, अडुसष्टाव्या वर्षी, आणि उंबऱ्याला ठेच लागली ती त्यांना कळलीही नाही. "धाकटे, हे बघ. हे खरंय. ते मघाचं मी लिहिलं, चूक झाली माझी, मला माफ कर. वाळवीबिळवी काही नव्हती, पानं मीच फाडली. पण हे बघ, आईचे शब्द आहेत हे. मोजून दहा आहेत. न्हावी आहे बघ. केस आहेत. तुझ्या उशीचा अभ्रा आईनं धुतला नव्हता."

धाकटीनं वही घेतली. वाचली. तिच्या चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळेना. मग तिनं उजव्या हाताचं बोट त्या ओळीवरून हळूच फिरवलं आणि बोटाकडे बघितलं.

"शाई वाळली वाटतं," ती म्हणाली.

"अगं नऊ वर्षांपूर्वीची नोंद आहे. तारीख बघ. सही बघ."

"सही तुझीच ना दादा." ती रागानं बोलत नव्हती, हे लक्षात घ्या. रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. "मी आत्ता न्हावी म्हटलं. तू आत गेलास आणि वहीत न्हावी घेऊन आलास. मी केस म्हटलं, केस आले. रिबिनीही अशाच आल्या असतील ना."

"देवाशपथ सांगतो."

"नको शपथा घालूस. माझ्यासाठीच करतोयस, कळतंय मला." तिनं वही मिटून त्यांच्या हातात दिली, दोन्ही तळहातांवर ठेवून दिली. "पानं फाडलीस हे मात्र खरं सांगितलंस. तेवढं पटलं मला."

बायको मधे पडली. "वन्सं, वही खरी आहे हो. माझ्यादेखत लिहिली होती."

"तुम्ही त्यांच्याच बाजूनं बोलणार वहिनी. बोलायलाच हवं," धाकटी म्हणाली आणि पिशवी आवरायला उठली.

आठ दिवसांसाठी आलेली ती पाचव्या दिवशी सकाळच्या बसनं गेली. भांडण नाही, तंटा नाही. वहिनीला मिठी मारली, दादाच्या पायाला लागलेली ठेच बघून म्हणाली, हळद लाव. वंशावळीसमोर मिनिटभर उभी राहिली, स्वतःच्या जागेवरचं 'एक कन्या' वाचलं, आणि चपला घातल्या.

दुपारी मूळप्रत वही मांडीवर घेऊन बसले होते. बायको समोर भाजी निवडत होती. तिनं विचारलं, "कसला अभ्रा म्हणालात?"

"उशीचा."

"लहान उशीचा?" तिनं विळी बाजूला केली. "चौथ्या ट्रंकेत, त्या पानांच्याच खाली एक होता. एवढासा, निळ्या फुलांचा. मळून काळा झालेला, तेलाचा वास येत होता. मला वाटलं, सासूबाईंच्या हातून राहून गेला असेल. मी उकळत्या पाण्यातून काढला, दोन वेळा सोडा घालून. चांगला पांढरा निघाला. मग फरशी पुसायला घेतला, त्यालाही झाली की सात-आठ वर्षं." एवढं बोलून तिनं तोंडाला पदर लावला.

मूळप्रत उठले ते थेट फोनपाशी. धाकटी नुकतीच घरी पोचली होती, धाप लागलेली ऐकू येत होती. त्यांनी सगळं सांगितलं. निळी फुलं, तेलाचा वास, सोडा, फरशी. मधे मधे आवाज चिरकत होता. अडतीस वर्षं लोक त्यांच्यासमोर असेच गयावया करायचे, साहेब, कागद खरा आहे हो, आणि ते मान वर न करता विचारायचे, मूळ प्रत कुठंय.

पलीकडे धाकटी शेवटपर्यंत ऐकत होती. मग तापातल्या पोराला थोपटावं तशा आवाजात म्हणाली, "बरं दादा. आता पड जरा. आणि वहिनींना सांग, निळ्या फुलांचं त्यांनीही छान सांगितलं."

तिनं फोन ठेवला. पुढं अडीच महिन्यांनी ती गेली, तोवर दर रविवारी दोघांचं बोलणं व्हायचं, हवापाण्याचं, औषधांचं. पानांचा विषय तिनं पुन्हा काढला नाही आणि त्यांना काढू दिला नाही.